एकच नंबर, अनेक उपकरणं: कॉल आणि व्हॉइसमेल एका जागी कसे आणायचे?

सांजवात

नमस्कार मंडळी. मी घरून काम करते. कामाचे सगळे फोन एकाच मोबाइल नंबरवर येतात. तो नंबर बऱ्याच वर्षांपासून लोकांकडे आहे, त्यामुळे तो बदलायचा नाही, ही पहिली अट.

दोन फोन (दुसऱ्यात वेगळं सिम), एक टॅब आणि एक लॅपटॉप असा संसार आहे. लॅपटॉपला हेडफोन लावून बसले की आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन ऐकू येत नाही. म्हणून 'उचलला नाही तर दुसऱ्या फोनवर' असं कॉल फॉरवर्डिंग लावलं. आता कधी दुसरा फोन वाजतो, कधी दोन्ही वाजत नाहीत आणि समोरच्याला थेट व्हॉइसमेल लागतो. तोही कधी एका नंबरचा, कधी दुसऱ्या नंबरचा. परवा एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे निरोप ठेवला होता की." तो निरोप सापडला दुसऱ्या सिमच्या मेलबॉक्समध्ये, जो मी कधी उघडतच नाही.

मला हवंय ते एवढंच: जिथे बसले असेन तिथे कॉल घेता यावा, आणि न घेतलेल्या कॉलचा निरोप एकाच जागी मिळावा. कुणी नीट बसवलं असेल तर सांगा.

खटपट्या

नंबर सिमवरच आहे ना? की इंटरनेट टेलिफोनीवाल्यांकडे नेलाय? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सांजवात

सिमवरच आहे.

तारायंत्र

टेलिफोन एक्स्चेंजच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कॉल फॉरवर्डिंगची नोंद तुमच्या हँडसेटमध्ये नसते, ती ऑपरेटरच्या नेटवर्कमध्ये असते. फोन बंद केला, बदलला, हरवला, तरी ती तशीच राहते. आणि फॉरवर्डिंग एक नाही, चार आहेत: सरसकट सगळे कॉल (कोड २१), उचलला नाही तर (६१), बंद किंवा आवाक्याबाहेर असेल तर (६२), आणि बिझी असेल तर (६७). तुम्ही त्यातलं ६१ बदललंत. ६२ आणि ६७ अजून ऑपरेटरच्या व्हॉइसमेलकडेच वळवलेले असणार. म्हणजे मुख्य फोनची रेंज गेली की कॉल दुसऱ्या फोनकडे न जाता थेट मेलबॉक्समध्ये. 'नाकारा'चं लाल बटण दाबलंत तरी नेटवर्क बहुतेक वेळा तुम्हाला बिझी धरतं, म्हणजे पुन्हा मेलबॉक्सच. तुमच्या 'कधी वाजतो, कधी वाजत नाही' याचा अर्धा उलगडा इथे होतो.

उरलेला अर्धा दुसऱ्या सिमचा. कॉल तिकडे गेला आणि तो फोन बंद असेल, तर त्या सिमचा स्वतःचा व्हॉइसमेल कॉल उचलतो. नेटवर्कला माणसाने उचललं की मशीनने, यातला फरक कळत नाही. कॉल लागला, विषय संपला.

सगळी उपकरणं एकदम वाजवणाऱ्या सेवांमध्ये हा घोळ आणखी वाढतो. समजा चार फोन एकत्र वाजणार आहेत आणि त्यातला एक बंद आहे. त्या बंद फोनचा मेलबॉक्स क्षणात कॉल उचलतो आणि बाकीचे तीन एकदा किणकिणून गप्प होतात. म्हणून चांगल्या सेवा कॉल उचलणाऱ्याला आधी "कॉल घेण्यासाठी १ दाबा" असं ऐकवतात. मेलबॉक्स १ दाबू शकत नाही, माणूस दाबू शकतो. पुष्कळ लोकांना हे १ दाबणं जाचक वाटतं आणि ते सेटिंगमधून बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. ज्या यादीत सिमवाले फोन आहेत, तिथे ते चालूच हवं.

माझं मत विचाराल तर उपकरणं कशी जोडायची हा नंतरचा प्रश्न. न उचललेला कॉल शेवटी कुणाच्या पदरात पडणार, ते आधी ठरवा. मेलबॉक्स एकच ठेवा, बाकी सगळ्या नंबरांचा व्हॉइसमेल बंद करा. हे केलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आत्ता डायलरवर \*#६१#, \*#६२# आणि \*#६७# एकेक करून लावा आणि काय दिसतं ते इथे लिहा. काही ऑपरेटरांनी आणि काही देशांत हे कोड बंद केले आहेत. तसं असेल तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये किंवा ऑपरेटरच्या ॲपमध्ये हीच माहिती मिळेल.

मृगनक्षत्र

वाचनखूण साठवली. चार प्रकार असतात हे आजच कळलं.

सांजवात

लावून पाहिले. ६१ ला माझा दुसरा नंबर दिसतोय. ६२ आणि ६७ ला एक अनोळखी नंबर आहे. आधी दचकलेच, कुणी माझे कॉल वळवलेत की काय म्हणून.

तारायंत्र

तो बहुधा ऑपरेटरच्या व्हॉइसमेल केंद्राचा नंबर आहे. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉइसमेल नंबर म्हणून काय दिलंय त्याच्याशी ताडून पाहा. जुळला तर काळजी नाही. पण दचकलात ते योग्यच झालं. जुळला नसता तर तडक ऑपरेटरला फोन करायला सांगितलं असतं.

हा नंबर कागदावर लिहून ठेवा. लोक ##००२# लावून सगळी फॉरवर्डिंग एका झटक्यात पुसतात, त्यात व्हॉइसमेलकडे जाणारी वाटही पुसली जाते. मग निरोप यायचेच बंद होतात आणि कारण लक्षात येत नाही.

वाजण्याचा वेळही तुमच्या हातात आहे. ६१ लावताना \*\*६१\*नंबर\*११\*२५# असं लिहिलं तर फोन २५ सेकंद वाजून मग कॉल पुढे जातो. ११ म्हणजे फक्त आवाजी कॉल. वेळ ५ ते ३० सेकंद, तीही पाचाच्या टप्प्यांत. नंबर देशाच्या कोडसकट द्या. तुम्ही साखळी करताय, म्हणून पहिल्या फोनला २५ देऊ नका, १५ द्या. समोरचा माणूस तुमची सगळी उपकरणं वाजून होईपर्यंत ताटकळत नाही.

आणि दुसऱ्या फोनवरून पहिल्यावर फॉरवर्डिंग लावलेलं नाही ना, ते बघा. दोन फोन एकमेकांकडे बोट दाखवत राहिले की नेटवर्क काही फेऱ्यांनंतर कॉल तोडतं.

रानफूल

टॅब आणि लॅपटॉपसाठी फॉरवर्डिंगचा उपयोग नाही, कारण त्यांना नंबरच नसतो. तिथे वाट वेगळी आहे.

ॲपलची उपकरणं असतील तर आयफोनच्या सेटिंगमध्ये 'कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस' हा पर्याय आहे. सगळीकडे एकच ॲपल खातं हवं. सॅमसंगच्या फोन-टॅबमध्ये अशीच सोय आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर 'फोन लिंक' आहे, पण त्यातले कॉल ब्लूटूथवरून जातात, म्हणजे फोन त्याच खोलीच्या आसपास हवा. तुमचा फोन आतल्या खोलीत असतो म्हणालात, तेव्हा मधल्या भिंती कॉल तोडतात का हे करूनच पाहावं लागेल.

या सगळ्यात एक मेख आहे. कॉल येतो तो फोनवर, बाकीची उपकरणं त्याच्या आधाराने वाजतात. फोनची बॅटरी संपली की सगळं शांत. ॲपलमध्ये ऑपरेटरने इतर उपकरणांसाठी वाय-फाय कॉलिंग दिलं असेल तर फोन बंद असतानाही आयपॅड किंवा मॅकवर कॉल येतो. ऑपरेटर देतो का, तेवढं विचारा. ईसिमवालं घड्याळही याच जातीचं: ऑपरेटरने मुख्य नंबर त्यावर जोडून दिला की फोन घरी ठेवूनही मनगटावर कॉल घेता येतो.

खटपट्या

व्हॉट्सॲपचे कॉल यातल्या कशातच बसत नाहीत हेही लक्षात घ्या. फॉरवर्डिंग फक्त नेटवर्कवरून आलेल्या कॉलला लागू होतं, ॲपमधल्या कॉलला नाही. एसएमएससुद्धा फॉरवर्डिंगबरोबर जात नाहीत. व्हॉट्सॲपसाठी त्यांची जोडलेल्या उपकरणांची सोय वापरा. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, पण मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर ती आपोआप तुटतात.

निशाचर

आता नंबर सिमवरून काढून थेट सर्व्हरवर ठेवायचा मार्ग. माझ्या मते 'एक नंबर, अनेक उपकरणं' हे खऱ्या अर्थाने इथेच जमतं.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती ग्रँडसेंट्रल या कंपनीने. २००५ ची सुरुवात. गूगलने २००७ मध्ये ती विकत घेतली आणि २००९ मध्ये गूगल व्हॉइस नावाने आणली. एक नंबर, त्यावर कॉल आला की तुम्ही नोंदवलेले सगळे फोन वाजणार, आणि निरोप आवाजासकट लिखित रूपातही मिळणार. वैयक्तिक खात्यांसाठी ती सेवा अमेरिकेपुरतीच आहे. कंपन्यांसाठीची आवृत्ती आणखी काही देशांत चालते. पण त्याच धर्तीचं काम सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) वापरणाऱ्या कितीतरी सेवा करतात.

सिप हा खुला प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. पहिलं प्रमाण १९९९ चं, आजच्या वापरातलं २००२ चं. फोन, टॅब, लॅपटॉप सगळे एकाच पत्त्याखाली सर्व्हरकडे नोंद करतात: 'मी इथे आहे.' कॉल आला की सर्व्हर सगळ्यांना हाक देतो. एकाने उचलला की बाकीच्यांना 'रद्द' असा संदेश जातो, आणि त्यात 'कॉल दुसरीकडे घेतला गेला' असं कारणही पाठवता येतं. ते कारण सर्व्हरने पाठवलं नाही किंवा ॲपने वाचलं नाही, तर लॅपटॉपवर तासभर बोलून झाल्यावर फोनवर तोच कॉल मिस्ड म्हणून दिसतो. सेवा निवडताना मी सगळ्यात आधी हे तपासतो, कारण खोट्या मिस्ड कॉलमुळे खरे दिसेनासे होतात.

नाकारण्यातही फरक आहे. उपकरणाने ४८६ हा संकेत पाठवला तर 'मी इथे बिझी आहे' एवढाच अर्थ, बाकीची वाजत राहतात. ६०३ पाठवला तर सगळीकडेच कॉल संपतो. टॅबवर कॉल नाकारल्यावर फोनही गप्प झाला, तर त्यामागे हे असू शकतं.

नेहमीच्या तक्रारी दोन. फोन खिशात असताना वाजत नाही: अँड्रॉइडमध्ये त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा. ॲप झोपवलं की सर्व्हरची हाक उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. आणि एकाच बाजूचा आवाज येतो: राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिप एएलजी' नावाची गोष्ट असते, ती बंद करा. मदतीसाठी म्हणून दिलेली ही सोय पत्त्यांमध्ये ढवळाढवळ करते आणि आवाज भलतीकडे जातो.

सांजवात

निशाचर, वाचायला फार छान वाटतंय, पण मग माझा जुना नंबर तिकडे न्यावा लागेल ना?

निशाचर

हो, पोर्ट करून. नंबर तोच राहतो. तुमच्याकडे त्या प्रकारचं पोर्टिंग चालत असेल तर बिनधास्त न्या.

आधारवड

बिनधास्त नको. थांबा जरा.

सांजवात, त्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात का? येत असतील तर तो सिमवरून हलवू नका. इंटरनेटवरचे नंबर बऱ्याच बँका आणि ॲप ओळखपडताळणीसाठी स्वीकारत नाहीत. काही सेवांवर तर तसले एसएमएस पोचतच नाहीत. एकदा नंबर नेला की परत आणायला दिवस जातात, आणि तेवढ्या काळात तुमचंच खातं तुम्हाला उघडता येत नाही. आमच्या घरात हे होऊन गेलंय. सेवा देणाऱ्या कंपनीने आधी 'सगळे एसएमएस येतात' असं छातीठोक सांगितलं होतं.

शिवाय आणीबाणीचा फोन. सिमवरून लावलात तर नेटवर्कला तुमच्या ठिकाणाचा काहीतरी अंदाज असतो. इंटरनेटवरच्या नंबराबाबत तशी खात्री नसते. काही सेवांवर असा कॉल लागतच नाही, काहींवर तुम्ही पूर्वी नोंदवलेला पत्ता पुढे जातो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर एक सिमवाला फोन चालू स्थितीत हवाच.

निशाचर

ओटीपीचा मुद्दा मान्य. मग उलटं करा: जुना नंबर सिमवरच राहू द्या, इंटरनेटवरचा एक नवा नंबर घ्या आणि जुन्याचे सगळे कॉल २१ ने त्यावर वळवा. एसएमएस सिमवरच येत राहतील, कॉल मात्र सगळ्या उपकरणांवर वाजतील. तो नवा नंबर कुणाला सांगायचीही गरज नाही. वळवलेल्या कॉलचे पैसे तुमच्या सिमच्या प्लॅनमध्ये मोजले जातात, तेवढं आधी पाहून घ्या.

तारायंत्र

ही मांडणी मलाही पटते. तिचा आणखी एक फायदा प्रवासात होतो. जुन्या पद्धतीच्या रोमिंगमध्ये परदेशी असताना 'उचलला नाही तर' लावलेलं असेल, तर कॉल आधी तुमच्यापर्यंत त्या देशात येतो आणि तिथून उलटा मेलबॉक्सकडे जातो. म्हणजे एका न घेतलेल्या कॉलसाठी दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या, आणि बिलात दोन्ही लागू शकतात. २१ लावलेलं असेल तर कॉल तुमच्या मूळ नेटवर्कमधूनच वळतो, परदेशात येतच नाही.

यात एक पथ्य पाळा. नव्या नंबरवर कॉल आल्यावर कोणते फोन वाजवायचे याची यादी करताना त्यात जुना सिमचा नंबर टाकू नका. नाहीतर कॉल वळून येईल, सर्व्हर जुन्या नंबरला हाक देईल आणि २१ तो पुन्हा सर्व्हरकडेच पाठवेल. त्या फोनवर कॉल हवा असेल तर सेवेचं ॲप टाका, ते इंटरनेटवरून वाजेल.

कवडसा

मेलबॉक्सच्या पिनबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. व्हॉइसमेलचा पिन ऑपरेटरने दिलेला तसाच ठेवू नका. २०११ मध्ये ब्रिटनमधलं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' बंद पडलं ते लोकांच्या मेलबॉक्समध्ये शिरून निरोप ऐकल्याच्या प्रकरणामुळे.

आजचा धोका जास्त जवळचा आहे. कित्येक ॲप पडताळणीचा कोड एसएमएसने पोचला नाही तर फोन करून वाचून दाखवतात. चोर रात्री तुम्ही झोपेत असताना तुमच्या नंबरने खातं उघडायला बसतो. कोडचा फोन येतो, तुम्ही उचलत नाही, आणि मशीनचा आवाज तो कोड तुमच्या मेलबॉक्समध्ये शांतपणे वाचून ठेवतो. पिन ०००० किंवा १२३४ असेल तर चोर बाहेरून मेलबॉक्स उघडून तो ऐकतो. व्हॉट्सॲपची खाती अशी गेलेली आहेत. म्हणून पिन बदला आणि व्हॉट्सॲपमधली द्विस्तरीय पडताळणी चालू करा.

आणि कुणीही फोनवरून "अमुक कोड डायल करा, तुमचं पार्सल अडकलंय" म्हणालं तर तो कोड लावू नका. स्टारने सुरू होऊन मध्ये दहा-बारा आकडी नंबर असलेला कोड म्हणजे बहुतेक वेळा तुमचे कॉल त्या माणसाकडे वळवण्याचा आदेश असतो.

आधारवड

कवडसा, हे वर चिकटवून ठेवायला हवं. +१.

पाऊलवाट

मला कमी ऐकू येतं, त्यामुळे निरोप लिखित रूपात मिळणं ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे. अनुभवावरून एवढं सांगते, की लिखित निरोपावरून कुणी फोन केला आणि साधारण कशासाठी केला हे कळतं. मात्र मराठीत बोलताना मध्येच इंग्रजी आकडे आले, की नंबर आणि नावं हमखास चुकतात. 'डबल फाइव्ह'चं काय होईल सांगता येत नाही. त्यामुळे लिखित मजकुरातल्या नंबरवर परत फोन लावू नका, कॉलच्या नोंदीतला नंबर घ्या.

स्वागताचा निरोपही आटोपशीर ठेवा. लोक लांबलचक प्रस्तावना ऐकून बीपच्या आधीच फोन ठेवतात. माझा असा आहे: "नमस्कार, मी आत्ता फोन घेऊ शकत नाही. नाव, काम आणि कधी फोन करू ते सांगा." 'कधी फोन करू' हे घातल्यापासून नुसतं "मला फोन करा" म्हणून ठेवणारे कमी झाले. आणि तो स्वतःच्या आवाजात असू द्या. मशीनचा आवाज ऐकला की माणसं चुकीचा नंबर लागला समजतात.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. निशाचर आणि तारायंत्र यांनी सांगितल्यासारखं बसवलंय. जुना नंबर सिमवरच, २१ ने नव्या नंबराकडे. दुसऱ्या सिमचा व्हॉइसमेल ऑपरेटरला सांगून बंद करून घेतला. निरोप आता एकाच ॲपमध्ये येतात आणि लॅपटॉपवरही दिसतात. पिन बदलला. पाऊलवाट यांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं घेतलंय, चालेल ना?

एक शंका उरली. नेट गेलं की टॅब, लॅपटॉप आणि ॲप तिन्ही बंद, आणि जुना फोन २१ मुळे वाजणारच नाही. तेव्हा काय?

पाऊलवाट

अवश्य घ्या!

तारायंत्र

बहुतेक सेवांमध्ये 'एकही उपकरण जोडलेलं नसेल तर कॉल कुठे पाठवायचा' अशी सेटिंग असते. तिथे दुसऱ्या सिमचा नंबर द्या. त्याचा व्हॉइसमेल आता बंद आहे, त्यामुळे कॉल मध्येच कुणी पळवणार नाही. तुम्ही तिथेही उचलला नाहीत तर २० सेकंदांनी सेवेच्या मेलबॉक्सकडे परत यावा, असं लावा. मग घरातलं वाय-फाय आणि फोनचा डेटा दोन्ही बंद करून कुणाला तरी मुख्य नंबरवर फोन करायला सांगा. सर्व्हरला उपकरणं गेल्याचं कळायला थोडा वेळ लागतो, म्हणून नेट बंद केल्या केल्या नाही, थोडं थांबून करून पाहा.

सांजवात

सेटिंग सापडली. नेट बंद केलंय, बहिणीला थोड्या वेळाने फोन करायला सांगितलंय. काय होतं ते इथेच लिहिते.